मदत हवी आहे: एच-४ वर टेक्सासचं स्टेट आयडी काढायचंय, पण घराचे सगळे कागद नवऱ्याच्या नावावर आहेत

धागाकर्ती:

नमस्कार मंडळी,

लग्नानंतर डॅलसजवळ अर्व्हिंगला राहायला आले आहे. नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर, मी एच-४ (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर. मला टेक्सासचं स्टेट आयडी काढायचं आहे. गाडी शिकणार आहेच, पण परवाना हातात यायला वेळ लागेल आणि तोवर पर्समध्ये पासपोर्ट घेऊन फिरायची धास्ती वाटते. बँकेत फोटोचं ओळखपत्र मागतात, सर्दीवर सुडोएफेड्रिन असलेली गोळी घ्यायची तर औषधाच्या दुकानातही मागतात. पासपोर्ट हरवला तर व्हिसासकट जाईल.

दुसरं कारणही आहे. पुण्यात पॅन, आधार, बँक खातं, गॅस कनेक्शन, सगळं माझ्या स्वतःच्या नावावर होतं. इथे आल्यापासून माझ्या नावाचा एकही कागद तयार झालेला नाही. मला इथे नीट, माझ्या नावाने राहायचं आहे.

आता अडचणी. फ्लॅटचा भाडेकरार नवरा आधी इथे आला तेव्हाचा, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या नावावर. वीज आणि इंटरनेटही त्याच्याच नावावर. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे: माझं नाव आणि बाबांचं नाव एकत्र 'गिव्हन नेम'मध्ये, पुढे माहेरचं आडनाव. आरोग्य विम्याच्या कार्डावर मात्र नवऱ्याचं आडनाव लागलंय. मला सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक) नाही. आणि आय-९४ वर (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) नवऱ्यापेक्षा बरीच आधीची तारीख पडली आहे, ती का ते कळत नाही.

आयडी कुठल्या नावाने काढू? पत्त्याचा पुरावा कुठून आणू? कुणी नुकतं काढलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (ऑस्टिन):

स्वागत आहे ताई. नावाचं आधी सांगते, कारण आपल्याकडच्या मुलींचं तिथेच अडतं. कार्ड पासपोर्टवरच्या नावानेच काढा. अक्षरन् अक्षर तेच. अर्ज घेतल्यावर तुमची माहिती 'सेव्ह' नावाच्या केंद्र सरकारच्या यंत्रणेत तपासली जाते. ती यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज पाहणारं खातं) चालवते, आणि तिथली नोंद तुमच्या पासपोर्टवरून आणि आय-९४ वरूनच झालेली असते. सासरचं आडनाव लावून अर्ज केला तर मेळ बसणार नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं काही नाही, तेव्हा त्या दडपणाखाली राहू नका. विम्याच्या कार्डावरचं नाव नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला सांगून दुरुस्त करून घ्या, म्हणजे तेही पुढे उपयोगी पडेल.

जायच्या आधी सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश देणाऱ्या खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-९४ नव्याने उतरवून घ्या. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा वर्ग, चारही गोष्टी डोळ्यांखालून घाला. चूक असेल तर ती डीपीएसच्या (लायसन्स आणि आयडी देणाऱ्या टेक्सासच्या खात्याच्या) खिडकीवर सुटत नाही, सीबीपीच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयातून दुरुस्त करावी लागते. अमेरिकेत उतरून दहाएक दिवस झाले असतील तरच जा. नोंदी यंत्रणेत पोचायला तेवढा वेळ द्यावा.

प्रतिसाद २ (प्लेनो):

पत्त्याबद्दल. टेक्सासमध्ये राहण्याच्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात, आणि इथे ३० दिवस राहिल्याचं दिसावं लागतं. तुमच्या नावावर काहीच नसेल तर त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, डीएल-५, म्हणजे रहिवासाचं शपथपत्र. त्यावर तुमचा नवरा लिहून देतो की ही माझ्याबरोबर या पत्त्यावर राहते. नातं दाखवायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र न्या. महापालिकेचं प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतं, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न येत नाही. नवऱ्याचा भाडेकरार, विजेचं बिल आणि त्याचं स्वतःचं टेक्सासचं लायसन्स, सगळं मूळ प्रतीत घ्या. जमलं तर त्याला सुट्टी घेऊन सोबत यायला सांगा. फार फरक पडतो.

पण माझं मत विचाराल तर शपथपत्रावर थांबू नका. लीजिंग ऑफिसात जाऊन भाडेकरारात तुमचं नाव घालून घ्या. बहुतेक ठिकाणी एक जोडपत्र करून देतात. बँकेतही संयुक्त खातं उघडा. बऱ्याच बँका एच-४ वाल्यांना पासपोर्टवर खातं उघडून देतात, सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी. पुढच्या महिन्यात तुमच्या नावाने आणि पत्त्याने स्टेटमेंट आलं की तो झाला दुसरा पुरावा. तुम्ही लिहिलंय ना, माझ्या नावाचा एकही कागद नाही म्हणून? सुरुवात तिथूनच होते, आयडी त्याच्यानंतर येतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. लीजिंग ऑफिसचं सुचलंच नव्हतं, उद्याच जाते.

सोशल सिक्युरिटीचं काय? नवऱ्याचे सहकारी म्हणतात, त्या कार्यालयातून नकाराचं पत्र आणल्याशिवाय अर्जच घेत नाहीत.

प्रतिसाद २ (प्लेनो):

राज्याराज्यांत वेगळं आहे ते. काही राज्यांत नकाराचं पत्र लागतं, त्याचं नाव एसएसए-एल६७६. सोशल सिक्युरिटी कार्यालयात पासपोर्ट आणि आय-९४ घेऊन गेलात की एच-४ वर काम करायची परवानगी नसल्यामुळे नंबर देता येत नाही असं ते लिहून देतात. टेक्सासमध्ये नंबर मिळालेला नाही असं शपथेवर लिहून देता येतं. पुढे ईएडी (काम करायचा परवाना) मिळाला तर नंबर मिळेल, तेव्हा तो डीपीएसला कळवा. आणि करासाठी काढलेला आयटीआयएन म्हणजे ओळखपत्र नाही. तो इथे पुढे करू नका.

प्रतिसाद ३ (ह्यूस्टन):

मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे, पण कृपया ती नीट वाचा. ताई, अर्जावर मतदार नोंदणीचा प्रश्न असतो. १९९३ च्या केंद्रीय कायद्यामुळे लायसन्स आणि आयडीच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीची सोय द्यावी लागते. तिथे 'नाही' म्हणजे 'नाही'च. नागरिक आहात का या प्रश्नालाही 'नाही'. खिडकीपलीकडचा माणूस घाईत विचारेल, पडद्यावर भराभर प्रश्न येतील, आपण नवीन असतो, उच्चार पटकन कळत नाहीत आणि मान हलवून मोकळे होतो. तसं करू नका. समजलं नाही तर पुन्हा विचारा, दहा वेळा विचारा. सही करण्याआधी छापील कागद पूर्ण वाचा.

अमेरिकी नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात अतिशय गंभीर धरला जातो. त्यावरून देशाबाहेर काढता येतं आणि पुढे ग्रीनकार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो. 'चुकून खूण झाली' हे नंतर पटवून देणं फार कठीण. मी इथल्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या प्रत्येक जोडप्याला हे सांगतो. जरा जास्तच सांगतो असं माझ्या घरी म्हणतात, पण मी सांगत राहणार.

अवयवदानाचा प्रश्नही येतो. त्याला नागरिकत्वाची अट नाही, तिथे तुमच्या मनाप्रमाणे उत्तर द्या.

प्रतिसाद १ (ऑस्टिन):

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन.

आय-९४ च्या तारखेबद्दल: तुमचा पासपोर्ट कधी संपतोय ते बघाल का? विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा पासपोर्ट संपतो त्याच दिवसापर्यंत आय-९४ देतो, मग नवऱ्याची मंजुरी पुढच्या दोन-तीन वर्षांची असली तरी.

धागाकर्ती:

आत्ता बघितलं. अगदी तीच तारीख आहे! म्हणजे माझं आयडीही तेवढ्यापुरतंच मिळणार का? मग आधी पासपोर्ट नवा करून घेऊ आणि नंतर आयडी काढू?

प्रतिसाद १ (ऑस्टिन):

हो, आयडी तेवढ्यापुरतंच मिळेल. रिअल आयडीच्या (राज्यांच्या ओळखपत्रांसाठीच्या केंद्रीय कायद्याच्या) नियमांनुसार तात्पुरत्या दर्जावर राहणाऱ्यांना त्यांच्या अधिकृत मुक्कामापुरतंच कार्ड मिळतं, आणि त्यावर तसं छापलेलं असतं. टेक्सासच्या कार्डावर 'लिमिटेड टर्म' असतं. त्यात कमीपणा काही नाही, एच-१बी वाल्यांचंही तसंच असतं.

तरी मी तुमच्या जागी असते तर आयडी आधी काढलं असतं. एक तर शुल्क १६ डॉलरच आहे (६० वर्षांवरच्यांना ६). दुसरं, पासपोर्टच्या नूतनीकरणाला जुना पासपोर्ट व्हीएफएसकडे (दूतावासासाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीकडे) द्यावा लागतो. टेक्सास ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. पासपोर्ट परत येईपर्यंत तुमच्याकडे फोटोचं दुसरं काहीच नसेल. तेव्हा हेच कार्ड कामी येईल, पत्त्याचा पुरावा म्हणूनही.

पण आय-९४ ला हलक्यात घेऊ नका, ती या सगळ्यातली खरी तातडीची गोष्ट आहे. तुमचा इथला मुक्काम त्या तारखेपर्यंतच वैध आहे. व्हिसाचा शिक्का पुढच्या तारखेचा असला किंवा नवऱ्याच्या आय-७९७ वर (मंजुरीच्या पत्रावर) पुढची तारीख असली तरी तुमची तारीख तीच. नवा पासपोर्ट आला की एक तर बाहेर जाऊन परत या, म्हणजे नव्याने आय-९४ मिळेल, किंवा तारीख संपण्याच्या आधी आय-५३९ (मुक्काम वाढवण्याचा अर्ज) भरा. काही डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयं नवा पासपोर्ट बघून तारीख वाढवून देतात, सगळी देत नाहीत. यातलं काय करायचं ते नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलांना आजच मेल करून विचारा.

प्रतिसाद ४ (फ्रिस्को):

प्रत्यक्ष दिवसाबद्दल थोडं. डीपीएसची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. पहिल्याच झटक्यात जवळची तारीख दिसणार नाही. गारलँड आणि कॅरलटनची मोठी केंद्रं तुम्हाला जवळ आहेत, तीही तपासा. रोज सकाळी उघडून बघत राहिलं की कुणीतरी रद्द केलेली वेळ सापडते. अर्जाचा फॉर्म डीएल-१४ए, तो घरी भरूनच न्या. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात.

लगेच हातात कागदी पावती मिळते. कार्ड दोन-तीन आठवड्यांनी टपालाने येतं. लेटरबॉक्सच्या आतल्या बाजूला तुमचं माहेरचं आडनावही चिठ्ठीवर लिहून चिकटवा. पोस्टमनला त्या पत्त्यावर फक्त नवऱ्याचं आडनाव माहीत असेल तर पाकीट परत जाऊ शकतं. कागदी पावतीवर विमानात बसू देत नाहीत हेही लक्षात ठेवा. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासाला रिअल आयडी मागतात खरं, पण भारतीय पासपोर्ट तिथे चालतो. त्यामुळे तोवर कुठे जायचं असेल तर पासपोर्ट न्या.

'सेव्ह'मध्ये पहिल्या फटक्यात पडताळणी झाली नाही तर घाबरू नका. पुढची पडताळणी माणसं करतात, तिला दिवस लागतात. केस क्रमांक मागून घ्या. सेव्हच्या केसचेक पानावर तो टाकून स्थिती बघता येते. पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागत नाहीत.

शिवाय एक विचार करून बघा. लेखी परीक्षेची तयारी लवकर होत असेल तर थेट लर्नर लायसन्स काढा. तेही फोटोचं कार्डच असतं. १८ ते २४ वयाच्यांना आधी सहा तासांचा कोर्स सक्तीचा आहे, २५ पासून पुढे नाही. दोन रिअल आयडी एका वेळी ठेवता येत नाहीत, त्यामुळे पुढे लायसन्स घेताना आयडी परत करावं लागेल.

प्रतिसाद ५ (सॅन अँटोनियो):

धाग्याच्या निमित्ताने विचारते. आई-बाबा बी-२ वर (पर्यटक व्हिसावर) सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांचंही आयडी काढावं का?

प्रतिसाद २ (प्लेनो):

माझ्या मते नको. ते पाहुणे म्हणून आलेत, रहिवासी म्हणून नाही, आणि अर्जात आपण रहिवासी आहोत असंच सांगायचं असतं. त्यांना विमानाला, हॉटेलला, औषधाला पासपोर्ट पुरतो. पासपोर्टच्या पहिल्या पानाची, व्हिसाची आणि आय-९४ ची प्रत त्यांच्या खिशात आणि फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा.

धागाकर्ती:

आज लीजिंग ऑफिसात जाऊन आले, जोडपत्रावर सही झाली. माझं नाव लागलं! वकिलांना मेल केला आहे. गारलँडची वेळ मिळाली आहे, नवरा सोबत येतोय. लर्नर लायसन्सच्या आधी आयडीच काढते, कारण पासपोर्ट लवकरच नूतनीकरणाला पाठवावा लागणार.

शेवटचा प्रश्न. आयडी आलं की पासपोर्ट आणि बाकीचे कागद घरी कपाटात ठेवले तर चालेल ना?

प्रतिसाद ३ (ह्यूस्टन):

पासपोर्ट घरी ठेवा, पण आय-९४ ची छापील प्रत कायम पर्समध्ये असू द्या. १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा हा कायदा जुनाच आहे. ११ एप्रिल २०२५ पासून नोंदणीचे नवे नियम लागू झाल्यावर त्यावर जास्त भर दिला जातोय. आय-९४ हा तो पुरावा, स्टेट आयडी नाही. आणि घर बदललंत तर दोन ठिकाणी कळवायचं: यूएससीआयएसला एआर-११ भरून १० दिवसांत, डीपीएसला ३० दिवसांत. एआर-११ नवऱ्याने स्वतःचा भरला तरी तुमचा वेगळा भरावा लागतो.