फूड हॉलमध्ये सहा जणांचं जेवण एकाच वेळी, गरम असताना टेबलावर कसं आणायचं?

पोटोबा_आधी
बंदिस्त फूड हॉल आहे. मध्ये सामाईक टेबलं, भोवती बारा-पंधरा स्टॉल, प्रत्येकाचं बिल वेगळं आणि टोकनही वेगळं. आम्ही सहा जण: त्यात एक सत्तरीच्या बाई, एक पाच वर्षांचं मूल, आणि एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. जागा आवडती आहे, बदलायची नाही. पण पहिल्याचं ताट पुसून होतं तेव्हा शेवटच्याचा बझर (ऑर्डर तयार झाली की वाजणारं, थरथरणारं स्टॉलवाल्याचं यंत्र) वाजतो, तोवर तळलेलं मऊ पडतं आणि नूडल्सचा लगदा होतो. टेबल आधी धरावं की ऑर्डर आधी द्यावी? ऑर्डरींचा क्रम काय ठेवावा? आणि अ‍ॅलर्जीवाल्याने अशा ठिकाणी खावं का?

मंद_आच
क्रमाचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. लोक रांग कुठे छोटी दिसते ते बघून सुरुवात करतात. त्याऐवजी प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारा: हातात यायला किती वेळ लागेल, आणि आल्यावर किती वेळ तग धरेल?

तळलेलं साधारण ५ ते ७ मिनिटं कुरकुरीत राहतं. आतली वाफ बाहेर यायला बघते आणि वरचं कवच ओलं करते. झाकण लावलं की संपलंच, वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत त्यावरच पडते. म्हणून काउंटरवरच सांगायचं, "झाकण नको, उघडंच द्या." रश्शातल्या नूडल्स शिजणं थांबवत नाहीत, रस्सा पीत फुगत राहतात. रस्सा वेगळ्या वाडग्यात मिळत असेल तर तसाच घ्यायचा. भात आणि दाट रस्सा मात्र खोल वाडग्यात झाकून १५-२० मिनिटं आरामात थांबतात. थंड सॅलडला तर घाईच नाही, फक्त ड्रेसिंग बाजूला मागा.

म्हणजे आधी भट्टीतलं किंवा हळू शिजणारं सांगायचं, मग भात-रस्सा, मग नूडल्स, आणि सगळ्यात शेवटी तळलेलं. आइस्क्रीमचं बिल जेवणाबरोबर करूच नका. "एकदाच रांग लावू" म्हणून केलं की पातेल्यातलं सूप येईपर्यंत त्याचं दूध झालेलं असतं.

वेळेचा अंदाज रांगेच्या लांबीवरून बांधू नका. बोर्डावर ८४ लागलाय आणि तुमचं टोकन ९७ आहे, तर तुमची ऑर्डर तेरावी. ५ मिनिटं बघा किती नंबर सरकतात. ४ सरकले, तर बघायला लागल्यापासून सुमारे १६ मिनिटांनी तुमची पाळी. यात एक गफलत होते: काउंटरच्या कडेला डिलिव्हरीवाले पिशव्या घेऊन उभे असतील, तर त्यांच्या ऑर्डरी बऱ्याच ठिकाणी या बोर्डावर दिसतच नाहीत, पण कढई तीच असते. तिथे अंदाज दीडपट धरा.

खुर्ची_राखीव
टेबल आधी. सहा जणांचं टेबल गर्दीत आपोआप रिकामं होत नाही. दोन जण बसवा (सत्तरीच्या बाई आणि मूल, त्यांना तसंही उभं ठेवायचं नाही), उरलेले चौघे स्टॉलवर. भरलेला ट्रे हातात घेऊन जागा शोधत फिरणं हाच सांडण्याचा राजमार्ग.

टेबल निवडताना तीन जागा टाळा: उष्टे ट्रे ठेवायची जागा, तळणाच्या स्टॉलसमोरची ओळ, आणि थेट एसीच्या झोताखालची. शेवटची लोक मुद्दाम निवडतात. वारा लागला की पसरट ताटातलं अन्न भराभर निवतं.

वयस्कर माणसाला उंच स्टूल देऊ नका. उभ्याने खायची टेबलं १०५-११० सेंमी उंच असतात, त्यांचे स्टूल बिनपाठीचे आणि पाय लोंबकळणारे. साधं टेबल ७२-७६ सेंमीचं, खुर्चीची बैठक ४५च्या आसपास. तेच हवं, आणि मुलालाही तेच बरं.

गर्दीचा_हिशोबनीस
वरच्याशी अर्धाच सहमत. मूल आणि वयस्कर असतील तर टेबल आधी, मान्य. पण तिघा-चौघांनी धडधाकट असताना रुमाल-पिशव्या टाकून २० मिनिटं टेबल अडवलं, तर त्या २० मिनिटांत तिथे कोणीच खात नाही. दहा टेबलांवर असं झालं की हॉल अर्धा रिकामा असून भरलेला दिसतो आणि ट्रेवाले उभे राहतात. अशा वेळी ऑर्डर आधी, आणि बझर वाजायला ५ मिनिटं उरली की एकाने जागा शोधायची.

बझरबद्दल: तो पिशवीत नको, टेबलावर ठेवा. गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, पण टेबलाची थरथर कळते. काँक्रीटच्या भिंतीआड, स्वच्छतागृहात, खालच्या मजल्यावर सिग्नल सुटू शकतो. आणि जिथे फक्त नंबर ओरडतात तिथे एकाने काउंटरच्या नजरेत राहायचंच.

साबण_पाणी
अ‍ॅलर्जीबद्दल. फूड हॉलमध्ये पदार्थ काय आहे यापेक्षा तो कशात आणि कशाने केलाय हे महत्त्वाचं. "यात शेंगदाणे आहेत का?" या प्रश्नाला घाईत "नाही" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारा:

– तळायचं तेल एकच आहे का, त्यात आधी काय तळलं?
– कढई दोन ऑर्डरींच्या मध्ये धुता की नुसती पुसता?
– चिमटा आणि पळी वेगळी आहे का?
– सॉस इथे करता की तयार येतो, आणि तयार असेल तर बाटली दाखवाल का?

यातल्या एकाचंही उत्तर गोलमोल आलं तर तिथे घेऊ नका. तळल्याने शेंगदाण्यातला त्रासदायक घटक नष्ट होत नाही, "गरम तेलात सगळं मरतं" हा समज जंतूंसाठी ठीक, अ‍ॅलर्जीसाठी नाही.

त्या माणसाची ऑर्डर मंद_आच यांच्या क्रमात बसवू नका. गर्दी उसळण्याआधी, स्वयंपाकी बोलायला मोकळा असताना पहिल्यांदा तीच द्या. ताट वेगळ्या ट्रेवर आणा. "एक घास चाखून बघ" पूर्ण बंद, चमचेही आपापले. सामाईक टेबल आधीच्या माणसाने कशाने माखलंय कोण जाणे, म्हणून ओल्या वाइपने पुसा आणि हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझर इथे कामाचा नाही, तो जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरून काढत नाही. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते अंगावर किंवा टेबलावर ठेवा. गाडीत ठेवलेलं इंजेक्शन म्हणजे नसलेलं इंजेक्शन.

पोटोबा_आधी
खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या: चौघांनी ट्रे कसे आणायचे, आणि गोंगाटात त्या बाईंना काहीच ऐकू येत नाही, त्याला काही उपाय?

खुर्ची_राखीव
ट्रेत जड आणि पातळ मध्ये, हलकं कडेला. सूप काठोकाठ भरलेलं देत असतील तर दोन बोटं कमी भरायला सांगा. ट्रे पोटाशी धरा, आणि नजर वाडग्याकडे न ठेवता वाटेकडे ठेवा. चौघांनी एकदम निघायचं नाही. ज्याचं तळलेलं आहे त्याने शेवटी निघायचं आणि पोचल्यावर तोच पदार्थ टेबलाच्या मध्ये ठेवून आधी खायचा.

आवाजाचं: काच, फरशी आणि उघडं छत यावरून आवाज परततो, आणि शेजारच्यांवर आवाज काढायला प्रत्येक जण आणखी चढवतो. कोपऱ्यातली, पाठीशी भिंत असलेली जागा घ्या. बाईंची पाठ भिंतीकडे, बोलणाऱ्याचा चेहरा त्यांच्यासमोर आणि उजेडात. श्रवणयंत्र असेल आणि त्यात गोंगाटासाठी वेगळा मोड असेल तर तो आधीच लावून घ्या. गोल टेबल मिळालं तर उत्तम, लांबट टेबलाच्या टोकाला मात्र त्यांना बसवू नका. एका बाजूचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

मंद_आच
आणि गोंगाटात गोड-खारट थोडं फिकं जाणवतं, असे प्रयोग झालेत. पहिल्या घासाला मीठ कमी वाटलं म्हणून लगेच वरून टाकू नका, अर्धं ताट होऊ द्या.