एम.एड. केल्याने मुख्याध्यापकपदाला उपयोग होतो का?

प्रश्न : अनुदानित माध्यमिक शाळेत मी नऊ वर्षे गणित शिकवते. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात दोन वर्षांचे एम.एड. करावे, असे मनात आहे. पुढे मुख्याध्यापक होताना त्याचा लाभ मिळतो का?

प्रतिसाद १ : नियमाने विचाराल, तर नाही. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या 1981च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार पदवी, बी.एड. आणि एकूण पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव, त्यातील किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची, एवढे पुरते, आणि निवड मुख्यतः सेवाज्येष्ठतेने होते. एम.एड.ची खरी गरज अध्यापक महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना असते.

प्रतिसाद २ : वरील उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. एम.एड.च्या क्षेत्रकार्यात मी काही दिवस एका मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसून नोंदी घेतल्या. सकाळी दोन शिक्षक रजेवर, त्यामुळे बदली तासांचा कागद तिसऱ्यांदा खोडलेला, टेबलावर पोषण आहाराची नोंदवही उघडी आणि दारात दाखल्यासाठी आलेले पालक; या धबडग्यात एखाद्या नव्या शिक्षकाचा तास मागच्या बाकावर बसून पाहायला त्यांना आठवड्यात एकदाच सवड मिळाली. शाळा चालवणे आणि शाळेत शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला तेथे उमगले. लघुशोधप्रबंधाचा विषय मात्र स्वतःच्याच शाळेतून निवडा.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आधी रजेचे नियम पाहते.