पगारातून कर कापला, तरी नोटीस मलाच? मदत हवी आहे

गंगापूर_रोडकर:
डोकं फिरलंय. काल आयकराची नोटीस आली, 39 हजारांच्या वर भरा म्हणे, 30 दिवसांत. अहो, दर महिन्याला पगार हातात पडायच्या आधीच कर कापला जायचा! कोपऱ्यावरचा हॉटेलवाला गल्ल्यात रोकड मोजतो, त्याला कोणी विचारत नाही. भरून मोकळा होऊ का? पटकन सांगा, उद्या सुट्टी आहे तेवढ्यात उरकायचंय.

साधा_कारकून:
वर्ष कुठलं? 143(1) ची इंटिमेशन, म्हणजे रिटर्न तपासून आलेली सूचना आहे का? 26एएस बघितलं, तुमच्या नावावर सरकारात किती कर जमा झाला त्याचा तक्ता?

मुठेकाठी:
आता 12 लाखांपर्यंत कर नाहीये ना? काहीतरी घोळ आहे. पगार किती?

गंगापूर_रोडकर:
85 हजार महिना. दरमहा 3,857 कापत होते. फॉर्म 16, मालकाने दिलेला करकपातीचा दाखला, आहे हो माझ्याकडे, तो बघूनच रिटर्न भरलं. ती नोकरी सोडली आता. आर्थिक वर्ष 2024-25.

साधा_कारकून:
12 लाखांची सूट 2025-26 पासून. तुमच्या वर्षी नव्या करपद्धतीत मर्यादा 7 लाखच होती.

गंगापूर_रोडकर:
म्हणजे हाच पगार वर्षभर उशिरा कमावला असता तर शून्य! वा रे न्याय.

तात्या_बेरकी:
जुनी पद्धत घ्यायची होती. पीपीएफ, विमा, घरभाडं दाखवायचं. मी गेली वीस वर्षं तेच करतोय.

मुठेकाठी:
तात्या, त्यांनी ते विचारलंय का?

चहा_कमी_साखर:
भरून टाका आणि सुटा. माझ्या भावाने 11 हजारांसाठी दीड वर्ष पत्रं लिहिली. खरा अन्याय वेगळाच आहे. आमच्या मामेसासऱ्यांची द्राक्षबाग, दारात दोन गाड्या, आयकर शून्य. नोकरदार तेवढा सापडतो.

सातबारा_सांगली:
आलीच का गाडी शेतकऱ्यावर! ऑक्टोबर छाटणीनंतर एक अवकाळी आला की घड कुजतात, औषधाची उधारी तशीच राहते. खताच्या पोत्यावर 5 टक्के जीएसटी आम्हीही भरतो. आणि शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा आहे, केंद्राचा नाही.

चहा_कमी_साखर:
अवकाळीवाल्याबद्दल कोण बोलतंय? दोन गाड्यावाल्याबद्दल बोलतोय.

साधा_कारकून:
ते भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. गंगापूरकर, 26एएस!

गंगापूर_रोडकर:
आत्ता उघडलं. एप्रिल ते जूनचा कर दिसतोय. पुढचे नऊ महिने कोरे.

साधा_कारकून:
मग मालकाने कापला पण सरकारात भरला नाही. फॉर्म 16 चे भाग किती आहेत?

गंगापूर_रोडकर:
एकच पान. पगाराचा तपशील, खाली सही-शिक्का.

साधा_कारकून:
तो नुसता भाग ब दिसतोय, पगाराचा हिशोब. भाग अ ट्रेसेसवरून, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या वेबसाइटवरून, काढावा लागतो, त्यात जमा झालेला करच येतो. ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहिली असती तर तात्यांचा पीपीएफ वाचला असता.
लगेच भरू नका. 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 205 बघा, तुमच्या वर्षाला तोच लागू: कर कापला गेला असेल तर तेवढा कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये हेच सांगितलंय. 1 जून 2015 च्या सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) पत्रातही अशी वसुली जबरदस्तीने करू नका असं आहे. पोर्टलवर मागणीला ‘असहमत’ म्हणून उत्तर द्या. बाराही पगारपत्रकं हवीत, कपातीचा आकडा दिसणारी, आणि बँकेचं स्टेटमेंट. तेच तुमच्या आकारणी अधिकाऱ्याला लेखी द्या.

चहा_कमी_साखर:
कागदावर छान आहे हो. पुढच्या वर्षीचा रिफंड परस्पर वळता केला तर?

साधा_कारकून:
करतात, खरं आहे. म्हणून रिफंड वळता करण्याआधीची कलम 245 ची सूचना आली की तिलाही मुदतीत उत्तर द्यायचं. मागणी पोर्टलवर दिसत राहील कदाचित. पण 39 हजार आज देऊन मालकाचं पाप का फेडायचं? कापलेला कर न भरणं हा गुन्हा आहे, कलम 276बी.

गंगापूर_रोडकर:
पगारपत्रकं ऑफिसच्या मेलवर होती, मेल बंद. जुन्या सहकाऱ्याला फोन केला. त्यालाही तीच नोटीस, त्याने गेल्या आठवड्यात मुकाट्याने भरली! माझ्याकडे प्रिंट फक्त सात महिन्यांच्या. उरलेल्यांचं काय?

साधा_कारकून:
नेमणूकपत्रात ठरलेला पगार आणि खात्यात आलेली रक्कम, दोन्ही जोडा. फरक दिसतो. मालकाला स्पीड पोस्टाने पत्र टाका, पोचपावती जपा.

तात्या_बेरकी:
पण जुनी पद्धत घेतली असती तर मुळात कर किती बसला असता ते कोणी काढलं का?