अजिंक्य आणि सज्जन नायक: त्याला दुबळा करायचा की पेच घट्ट करायचा?

तिसरी घंटा
इंदूरच्या रंगपंचमीवर महाबली नायकाचा चित्रपट लिहायचा झाला तर कसा लिहावा, यावर बोलू या. अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी त्याला लागत नाही, मनानेही तो निर्मळ. मग प्रेक्षकाने जीव मुठीत धरायचा कशासाठी? लेखक दोन पळवाटा काढतात. एक तर त्याची शक्ती हिरावणारा हिरवा दगड आणतात, नाहीतर त्याला चिडका आणि खुनशी करतात. माझ्या मते दोन्ही चूक. ताकद पूर्ण ठेवा, भलेपणाही ठेवा, आणि ताकद कामी येणार नाही असा प्रसंग त्याच्यापुढे आणा.

गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्याकडे सरकते आहे. गल्ली अरुंद, टँकरवरच्या पंपातून रंगाचे फवारे. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं दाटली की गर्दी पाण्यासारखी हलते. कोणी मुद्दाम ढकलत नाही, तरी लाट येते. तुडवलं जाण्यापेक्षा उभ्या उभ्या गुदमरून माणसं जास्त जातात, कारण छाती फुगायला जागाच उरत नाही. आता नायक आकाशातून मधोमध उतरला तर काय होईल? त्याला बघायला चारही बाजूंनी लोक रेटतील आणि आतल्यांचा उरलासुरला श्वासही जाईल. त्याला कोणाच्या नजरेस न पडता मागच्या टोकाला जावं लागेल, येणारा लोंढा तिथेच अडवावा लागेल, गल्लीतल्या बंद दुकानांची शटर वर करून गर्दीला आत वाट द्यावी लागेल. या चार मिनिटांत मधल्या एका लहान मुलीचं रडणं त्याला ऐकू येत राहतं, आणि तो तिच्याकडे जाऊ शकत नाही.

सराफा रात्री दहा
मला नाही पटत, भिया. तिकीट काढून आलेला माणूस शटर उचलणारा नायक बघायला येत नाही. ताकद दाखवाच, पण माप ठरवून. १९३८ सालचा पहिला सुपरमॅन उडत नव्हता. एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर उडी, आणि फुटता तोफगोळाच त्याची कातडी भेदू शकतो, हे पहिल्याच पानावर छापलं होतं. मग शक्ती वाढत गेल्या आणि तोल सावरायला दगड आणावा लागला. तो दगड तर १९४३ मध्ये रेडिओ मालिकेतून आला.

तुमच्या कथेतही पहिल्या वीस मिनिटांत हिशोब द्या: किती उचलतो, किती लांबून ऐकतो, झेप घेताना पायाखालच्या जमिनीवर किती जोर जातो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तो वरून झेपावला तर सज्जासकट लोक खाली येतील, हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं हवं. शेवटच्या भागात सोयीने नवी शक्ती उगवली की सगळं मातीत जातं.

खंडवा नाका
याचाच दाखला १९७८ च्या ‘सुपरमॅन’ चित्रपटात आहे, दोन्ही बाजूंनी. दोन क्षेपणास्त्रं उलट दिशांना सुटतात. खलनायकाची साथीदार नायकाच्या गळ्यातला हिरवा दगड काढते, पण आधी वचन घेते: माझी आई राहते त्या हॅकनसॅकवर जाणारं पहिलं थांबव. तो शब्द पाळतो. दुसरं कॅलिफोर्नियात फुटतं आणि भूकंपात त्याचा जीव जडलेली लोइस गाडीसकट गाडली जाते. दगड निघाल्यावर, ताकद पूर्ण परत आल्यावर खरा पेच पडतो, कारण आता त्याला त्याच्या शब्दाने बांधलं आहे. इतकं उत्तम रचून मग पृथ्वीभोवती फिरून काळ उलटा फिरवला आणि मोजलेली किंमत परत घेतली. सराफावाले म्हणतात ती ऐनवेळची शक्ती हीच.

शिवणीचा दोरा
सगळे बाहेरच्या संकटाबद्दल बोलताय. ज्याला कधी वाईट वागण्याचा मोहच होत नाही, त्याचा चांगुलपणा कोरडा वाटतो. सुपरमॅनच्याच ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये २०१३ साली नायकाने खलनायक झॉडची मान मोडली, त्यावर लोक अजून भांडतात. मला तो प्रसंग हवा वाटतो. निदान त्याला काही गमवावं तरी लागलं.

तिसरी घंटा
तिथे लेखकाने बाकी सगळी दारं बंद केली आणि मग निवड केल्याचा आव आणला. मान मोडल्यावर नायक किंचाळतो, आणि त्या किंकाळीनंतर कथा लगेच ड्रोन पाडण्याच्या हलक्याफुलक्या प्रसंगावर जाते. शोकाला दोन क्षणही मिळत नाहीत.

मोह हवा, हे मात्र अगदी खरं. तो मान न मोडताही दाखवता येतो. १९७८ च्याच चित्रपटात लोइस बाजूच्या खोलीत आहे. क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, चष्मा काढतो, वाकलेले खांदे सरळ करतो, उंची वाढल्यासारखी दिसते, आवाज बदलतो. खरं काय ते तिला सांगून टाकणार, इतक्यात तो पुन्हा आक्रसतो आणि चष्मा नाकावर चढतो. एक नट आणि एक खोली, बस्स.

खंडवा नाका
आणि कुरुक्षेत्र विसरू नका. कृष्ण शस्त्र न धरण्याची अट घेऊन रथावर बसला आहे. भीष्मांवर तो धावून जातो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण ती अट आपण आधीपासून मनात धरून बसलेले असतो.

शिवणीचा दोरा
अहो, महाभारताचा शेवट आजीनेच सांगितलेला असतो. नव्या नायकाला ती सोय नाही. दीड-दोन तासांत त्याच्यावर जीव जडायला हवा. त्यासाठी भाषण नको, कृती हवी. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये शहरात अजस्र राक्षस थैमान घालत असताना तो एका खारीला उचलून बाजूला नेतो. गेरमध्ये तसं काय आहे? आणि ती मुलगी वाचते का? वाचली तर मागचा सगळा ताण खोटा ठरेल.

तिसरी घंटा
वाचते, पण त्याच्या हातांनी नाही. मागचा लोंढा थांबला की गर्दीत हात वर काढण्यापुरती फट मिळते. मग माणसं तिला डोक्यावरून हातोहात कडेला देतात. त्याआधी टँकरवरच्या पंपवाल्याने पंप बंद करायला हवा, कारण फवारा जिकडे वळतो तिकडे लोक धावतात. नायक टँकर चुरगाळू शकतो, पण लोखंड फाटल्याचा आवाज झाला की पळापळ ठरलेली. त्याला पंपवाल्याला पटवावं लागेल, तेही त्या गोंगाटात, हातवाऱ्यांनी. कथेत बदलणारा माणूस पंपवाला आहे. नायक पहिल्यापासून आहे तसाच राहतो.

सराफा रात्री दहा
पंपवाला मान्य. पण मग त्याला थेट गेरमध्ये आणू नका. नवव्या-दहाव्या मिनिटाला पोह्यांच्या गाडीवर तो दिसू द्या, नायकाशी वाद घालताना, की गेरमध्ये पंप एकदा चालू केला की मध्ये बंद करायचा नसतो. आणि त्याच गर्दीत पोह्यांची प्लेट डोक्यावरून मागच्या माणसाकडे हातोहात जाताना दाखवा. कॅमेरा तिच्यावर थांबवू नका.