ऑफिसच्या पीसीवर सर्व्हर: काळी खिडकी की सर्व्हिस?

अण्णा_८०८०

परवा वखारवाला यांनी एका धाग्यावर लिहिलं होतं: "सर्व्हिस वगैरे नसत्या भानगडी. टॉमकॅटची बॅच फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका. काळी खिडकी उघडी राहते, चालू की बंद ते डोळ्यांना दिसतं. सर्व्हिस म्हणजे आळशी लोकांचे उद्योग." (नवख्यांसाठी: टॉमकॅट म्हणजे वेब सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम, बॅच फाइल म्हणजे तो सुरू करणाऱ्या आज्ञांची फाइल, काळी खिडकी म्हणजे त्यातून उघडणारी कमांडची खिडकी, आणि सर्व्हिस म्हणजे विंडोज पडद्यामागे स्वतः चालवतं तो प्रोग्रॅम.) त्यावर धडाधड +१ पडले. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आळशी कोण ते बघू. स्टार्टअप फोल्डर जागा होतो तो कुणीतरी लॉगिन केल्यावर. म्हणजे पीसी सकाळी आठला सुरू झाला तरी अकाउंटंट बाई येऊन पासवर्ड टाकेपर्यंत गोडाऊनवाल्यांनी चलनासाठी ताटकळायचं. संध्याकाळी बाईंनी लॉगऑफ केलं की सर्व्हरचं दुकान बंद. मग बाईंचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर येतो. ही तुमची सोपी पद्धत!

आणि "डोळ्यांना दिसतं" हे तर फारच गोड. विंडोज १० मध्ये काळ्या खिडकीचं क्विकएडिट (माऊसने अक्षरं निवडायची सोय) मुळातच चालू असतं. चुकून आत क्लिक झालं की अक्षरं सिलेक्ट होतात आणि आउटपुट अडतं. त्यात लिहू पाहणारा प्रोग्रॅमही अडतो. खिडकी दिसते, पण आत सगळं ठप्प. कुणीतरी एंटर दाबलं की गाडी पुढे. "सॉफ्टवेअर अधूनमधून हँग होतं" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच निघतं.

सर्व्हिसला लॉगिन लागत नाही. मेली तर तिच्या सेटिंगमधल्या रिकव्हरी टॅबवर 'रीस्टार्ट' निवडून ठेवा (तिथे मुळात 'काहीही करू नका' असतं, ते बदलायला लोक विसरतात), मिनिटभरात परत उभी. टॉमकॅटचा विंडोज इन्स्टॉलर स्वतःच सर्व्हिस करून देतो, पोस्टग्रेस या डेटाबेसचाही. मग आयती मिळालेली गोष्ट मोडून बॅच फाइल कशाला?

वखारवाला

अण्णा, एवढं पुराण लिहिलंत, धन्य झालो. क्विकएडिटचं मान्य. बाकीचं नाही.

तुम्ही सर्व्हिस लावून, चहा पिऊन निघून जाता. मागे आम्ही राहतो. आमच्याकडे एका मुलाने अशीच गुपचूप सर्व्हिस करून ठेवली आणि बंगळूरला नोकरीला गेला. पीसी जुना झाला म्हणून भंगारवाल्याला दिला, आणि दुसऱ्या दिवशी गेटपास निघेनात. त्या डब्यात सर्व्हर होता हे कुणाच्या बापाला माहीत? खिडकी असती तर निदान कुणी विचारलं असतं, "हे काळं काय आहे?"

दुसरं. आमच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम पोर्ट मिळाला नाही की 'ओके' दाबा म्हणून चौकट टाकतो. त्यालाही त्या मुलाने सर्व्हिस केलं होतं. चौकट आली, पण कुठे आली ते ब्रह्मदेवाला ठाऊक. ट्रक रस्त्यापर्यंत तुंबले.

अण्णा_८०८०

ब्रह्मदेवाला कशाला, मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक आहे. व्हिस्टापासून सर्व्हिसेस शून्य नंबरच्या वेगळ्या सेशनमध्ये चालतात. माणसाचा डेस्कटॉप वेगळा. तिथली चौकट तुम्हाला दिसणारच नाही आणि प्रोग्रॅम 'ओके'ची वाट बघत बसणार. ज्याला माणसाशी बोलायचं आहे त्याला सर्व्हिस करायचंच नसतं. एनएसएसएम (कुठल्याही प्रोग्रॅमला सर्व्हिस बनवणारं साधन) हातात आलं म्हणून दिसेल त्या एक्झीला सर्व्हिस करणारी ही पोरं माझ्याही डोक्यात जातात. पण त्या पोराच्या उद्योगाचं बिल सर्व्हिसच्या नावावर का फाडता?

नाशिकची_सीए

मला दोघांचंही पटत नाही. आमच्या फर्मचा रात्रीचा बॅकअप झेड ड्राइव्हवर (दुसऱ्या मशीनवरचं, नेटवर्कने जोडलेलं फोल्डर) जायचा. सर्व्हिस केली आणि बॅकअप जाणं थांबलं. मेसेज नाही, लाल दिवा नाही. रिटर्नच्या हंगामात एक फाइल परत हवी होती तेव्हा कळलं. आम्ही हिशेब तपासणारी माणसं, आणि आमच्याच बॅकअपचं ऑडिट कुणी केलं नाही, हे टोमणे घरीदारी ऐकून झालेत, इथे नकोत.

अण्णा_८०८०

ताई, झेड ड्राइव्ह हा लॉगिन केलेल्या माणसाचा असतो, सर्व्हिसला तो दिसतच नाही. दोन उलट्या तिरप्या रेघा, मशीनचं नाव, शेअरचं (नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरचं) नाव असा पूर्ण पत्ता द्यायचा. आणि सर्व्हिस लोकल सिस्टिम या अकाउंटवर न ठेवता त्या शेअरवर हक्क असलेल्या वेगळ्या अकाउंटवर चालवायची. लोकल सिस्टिम म्हणजे त्या मशीनचा सर्वेसर्वा. सर्व्हरला भोक पडलं तर आत शिरणाराही सर्वेसर्वा. पोस्टग्रेस ॲडमिनच्या हक्काने सुरूच व्हायला नकार देतं, ते उगाच नाही.

नाशिकची_सीए

वेगळं अकाउंट केलं होतं. मग पासवर्ड बदलला, आणि पुढच्या रीस्टार्टला १०६९ नंबरची एरर, म्हणजे सर्व्हिसला लॉगिन जमलं नाही. तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, आणि प्रत्येक उत्तरातून नवी एरर निघते.

भुसावळ_लोकल

म्हणूनच सांगतो, कोपऱ्यात एक छोटा डबा घ्या, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका. सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची युनिट फाइल दहा ओळींची, त्यात रीस्टार्ट बरोबर ऑलवेज. लॉग पाहायला जर्नलसीटीएल. विषय संपला. तशीही विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला सरली, किती दिवस त्याच मढ्यावर पावडर लावणार?

वखारवाला

आले लिनक्सवाले! टॅली तुमच्या घरी येऊन चालवू का?

भुसावळ_लोकल

टॅली विंडोजवरच ठेवा की. सर्व्हर वेगळा करा म्हणतोय. वाचायची सवय लावा.

गुरुवार_सुट्टी

खिडकी की सर्व्हिस, हा वाद बसल्या खुर्चीचा. आमच्या भोसरीत गुरुवारी सुट्टी, महावितरणची दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी. तेही चालेल, कळवून तरी जाते. पण रोज संध्याकाळी सातला शिपाईमामा मेन खाली ओढून घरी जातात त्याचं काय? तुमची सर्व्हिस असो नाही तर सम्राट अशोक, एका झटक्यात आडवी. आधी या लोकांना अक्कल शिकवा, मग रिकव्हरी टॅब.

मुक्काम_परभणी

"या लोकांना" म्हणजे कुणाला? माझे वडील एका कचेरीत शिपाई होते. जाताना मेन बंद करायचा हा लेखी हुकूम होता, साहेबाच्या सहीचा. कारण शॉर्टसर्किट झालं तर मेमो साहेबाला नाही, वडिलांना. सर्व्हरला वेगळी एमसीबी (वायरिंगमधला स्वतंत्र स्विच) काढून द्यायला किती खर्च येतो? ती काढायची नाही, मामांना सांगायचं नाही, आणि पीसी पडला की "शिपायाला अक्कल नाही". अक्कल वायरिंग करून घेणाऱ्याला शिकवा.

गुरुवार_सुट्टी

ताई/दादा, जे असाल ते, शिवी कुठे दिली ते दाखवा. रोज सकाळी येऊन डेटाबेस दुरुस्त करत बसतो मी. मामा नाही.

मुक्काम_परभणी

"अक्कल शिकवा" ही शिवी नसेल तर तुमच्या साहेबांना एकदा म्हणून बघा.

गुरुवार_सुट्टी

बरं बाबा. मामांना हार, नारळ, शाल. आणि एमसीबीचं बरोबर आहे. झालं समाधान?

नाशिकची_सीए

रोज डेटाबेस दुरुस्त करावा लागतो म्हणजे झॅम्पवर (वेब सर्व्हर आणि डेटाबेसचा आयता गठ्ठा) काम चालवताय का? ते शिकण्यापुरतं असतं, त्याचे कर्तेच सांगतात. त्यातला मारियाडीबी हा डेटाबेस वीज गेल्यावर "अनपेक्षितपणे बंद झाला" म्हणून रुसून बसतो. पोस्टग्रेस आधी नोंदवही लिहितं आणि उठल्यावर त्यावरून स्वतःला सावरतं. हिशेबाच्या माणसाला हे लगेच पटतं: आधी रोजकीर्द, मग खतावणी.

वखारवाला

एवढं सगळं कशाला? इन्व्हर्टर लावा. आमच्याकडे ट्यूब, पंखे, सर्व्हर, सगळं एकाच इन्व्हर्टरवर.

अण्णा_८०८०

आणि वीज गेली की पीसी रीस्टार्ट होतो का नाही, खरं सांगा.

वखारवाला

कधीमधी होतो.

अण्णा_८०८०

कधीमधी! साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण घेतो तो पंख्याला कळत नाही, पीसीला कळतो. यूपीएस घ्या, तोही यूएसबी वायर असलेला. विंडोजला तो लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसतो. बॅटरी संपत आली की नीट शट डाउन हो, असं सांगून ठेवता येतं. मग बायोसमध्ये (पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) 'वीज आल्यावर चालू हो' हे लावा.

गुरुवार_सुट्टी

आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शट डाउन करून पुन्हा चालू केलं तरी विंडोज आतल्या आत झोपून उठतं, बिघडलेली सर्व्हिस तशीच बिघडलेली राहते. रीस्टार्ट वेगळं, शट डाउन वेगळं. हे समजावता समजावता माझे केस गेले.

भुसावळ_लोकल

टास्क शेड्यूलरचं (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं साधन) कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे. सर्व्हिस नको म्हणून त्यात टाकणारेही असतात. मुळातच तिथे 'तीन दिवसांहून जास्त चालल्यास थांबवा' अशी खूण केलेली असते. सोमवारी लावला, गुरुवारी बंद.

गुरुवार_सुट्टी

गुरुवारी आमचं सगळंच बंद असतं.

वखारवाला

रविवारी भाचा आला होता. टॉमकॅट केलं सर्व्हिस. अण्णांनी पार्टी मागू नये. आपली अट मात्र सोडलेली नाही: लॉगची फाइल पॉवरशेलच्या गेट-कंटेंटने, शेवटी हायफन वेट लावून, काळ्या खिडकीत सरकत ठेवली आहे. बंद पडली तर फक्त खिडकी बंद पडेल. आणि डब्यावर लाल अक्षरात लिहिलंय, "यात सर्व्हर आहे, भंगारात देऊ नये."

अण्णा_८०८०

ती लाल अक्षरं मी पण उचलणार, आमच्याकडे एकाही डब्यावर नाहीत. वजनकाटा कुठे ठेवला?

वखारवाला

वजनकाटा स्टार्टअपमध्येच. ओके दाबायला माणूस आहे.

मुक्काम_परभणी

आणि एमसीबी?

वखारवाला

एमसीबी काढून घेतोय, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतो म्हणालाय. यूपीएसचं मात्र कुणी नाव काढायचं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नुकतीच बदलली आहे, ती वसूल झाल्यावर बोलू.