सँ-सिर्क-लापोपीच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज : गावाच्या अतिवास्तववादी भूतकाळाचे प्रस्तावात काय करावे?

चितारआळी :

नमस्कार. मी चित्रकार आहे आणि गेली नऊ वर्षे पुण्यात काम करते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडे, लॉट नदीच्या काठच्या उंच कड्यावर सँ-सिर्क-लापोपी नावाचे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव आहे. तिथल्या ‘मेझाँ दाउरा’ या रेसिडेन्सीचे (कलावंतांनी काही काळ राहून काम करायच्या योजनेचे) पुढचे आवाहन निघेल तेव्हा अर्ज करण्याचा माझा विचार आहे. स्वप्ने आणि अबोध मन यांना कलेचा उगम मानणाऱ्या अतिवास्तववादाचा (सररिअ‍ॅलिझमचा) जाहीरनामा लिहिणारे आंद्रे ब्रतों यांनी याच गावात घर घेतले होते आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते उन्हाळ्यात तिथे राहत असत, एवढे मला ठाऊक आहे.

प्रस्तावाचा कच्चा खर्डा मी याच धाग्यावर बेतला आहे. रोज पहाटे आठवतील ती स्वप्ने टिपून ठेवायची आणि त्यांतून गावातल्या गल्ल्यांवर तरंगणाऱ्या वस्तूंची चित्रमालिका करायची, अशी कल्पना आहे. एका मित्राने खर्डा वाचून ‘हे कुठल्याही गावात बसून करता येईल’ असे म्हटले आणि तेव्हापासून माझा हात थांबला आहे. त्या गावाचा हा भूतकाळ प्रस्तावाला खरोखर आधार देतो का, की ती केवळ पाटीवरची ओळख आहे? तिथे जाऊन आलेल्या किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

मुक्कामपोस्ट :

मी तिथे आठ दिवस राहून आलो आहे, पण रेसिडेन्सीसाठी नव्हे, प्रवासी म्हणून. तेव्हा निवड समितीला काय आवडते हे मला विचारू नये. गावाबद्दल मात्र थोडे सांगता येईल.

पहिली गोष्ट अशी की, ज्या घराच्या नावाने ही रेसिडेन्सी चालते ते घर ब्रतों यांचे नाही. ते पिएर दाउरा या चित्रकाराचे. (मराठीत हे नाव उच्चारताना मंत्र्यांचा दौरा डोळ्यांसमोर येतो, त्याला इलाज नाही.) दाउरा कॅटलन होते, बार्सिलोनात वाढले, आणि पॅरिसमध्ये होआकिन तोरेस-गार्सिया व मिशेल सफोर यांच्यासोबत त्यांनी ‘सेर्क्ल ए कारे’, म्हणजे ‘वर्तुळ आणि चौकोन’, हा गट उभा केला. त्या गटाचे बोधचिन्हही दाउरांनीच रेखाटले होते. हा गट भूमितीची, रचनेची आणि अमूर्ताची बाजू घेणारा होता, आणि त्या काळी पॅरिसवर अतिवास्तववादाचा जो पगडा बसला होता त्याला उत्तर म्हणूनच तो जन्मला. थोडक्यात, आपण ज्या छपराखाली राहून स्वप्ने टिपणार आहात ते छप्पर विरुद्ध पक्षातल्या माणसाचे आहे. ब्रतोंच्या आधी सुमारे वीस वर्षे दाउरा या गावात येऊन राहिले होते. पुढे ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढले, जखमी झाले, आणि पत्नीच्या माहेरी, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, स्थायिक झाले. त्यांच्या कन्येने गावातले घर तिथल्या प्रादेशिक शासनाला दान दिले आणि त्यातून ही रेसिडेन्सी सुरू झाली. तिचे काम वीसेक किलोमीटरवरच्या काजार्क गावातले समकालीन कलाकेंद्र पाहते.

दुसरी गोष्ट ब्रतोंच्या येण्याची. ते स्वप्नांच्या शोधात तिथे गेले नव्हते. एका रस्त्याच्या उद्‌घाटनाला गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विश्वनागरिकत्वाची जी चळवळ उभी राहिली तिच्या प्रभावाखाली जवळच्या काऑर शहराने १९४९ मध्ये स्वतःला ‘जागतिक’ शहर म्हणून घोषित केले, आणि जून १९५० मध्ये काऑरपासून निघणाऱ्या ‘सीमारहित रस्त्या’च्या पहिल्या टप्प्याचा सोहळा झाला. त्या सोहळ्यासाठी आलेल्या ब्रतोंना रात्री चंद्रज्योतींच्या उजेडात उजळलेला हा कडा दिसला, आणि ‘रात्रीतला एक अशक्य गुलाब’ असे त्यांनी त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी त्यांनी तिथले जुने नावाड्यांचे घर विकत घेतले. गावाच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलेले, ‘मी अन्यत्र असण्याची इच्छा करणे सोडून दिले’, हे वाक्य आज तिथे पोस्टकार्डापासून फलकांपर्यंत सर्वत्र भेटते, आणि चौथ्या दिवशी त्याचा कंटाळा येतो.

माझे मत विचाराल तर खर्डा बाजूला ठेवावा. २०१२ मध्ये हे गाव ‘फ्रेंचांचे सर्वांत आवडते गाव’ म्हणून दूरदर्शनवरच्या मतदानात निवडले गेले. उन्हाळ्यात दिवसभर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि हिवाळ्यात बहुतेक दारे बंद असतात. अशा जागी तरंगणाऱ्या वस्तू काढणे म्हणजे पर्यटनाच्या माहितीपत्रकाला चित्रे पुरवण्यासारखे होईल.

आपले टोपणनाव पाहून आणखी एक सुचवावेसे वाटते. या गावाचे पोट शतकानुशतके कातकामावर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून त्याला गोल आकार देण्याच्या कामावर, चालत असे. तिथले कातारी बॉक्सवुडसारख्या टणक लाकडापासून दारूच्या पिंपांना बसवायच्या तोट्या करत, आणि त्यांची दुकाने ज्या कमानींमागे होती त्या कमानी अजून शाबूत आहेत. आपण लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीच्या चितार आळीतल्या असाल तर तुम्हाला गावाची ही बाजू माझ्यापेक्षा जास्त दिसेल.

पाटीपेन्सिल :

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्याच्या निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. वितळती घड्याळे आणि तरंगत्या वस्तू म्हणजे अतिवास्तववाद, असे आपण आधी मानतो आणि मग तो शिळा झाला म्हणून बाजूला ठेवतो. ब्रतोंनी या गावात प्रत्यक्षात काय केले ते पाहावे. ते लॉटच्या पात्रात उतरून तासन्‌तास अकीकाचे (अ‍ॅगेटचे) दगड वेचत असत. मित्रमंडळींनाही त्या कामाला लावत. त्या नादातूनच १९५७ मध्ये दगडांच्या भाषेवरचा त्यांचा निबंध आला. चालता चालता हाती लागलेली वस्तू आपल्या मनातल्या अव्यक्त इच्छेला उत्तर देते, हा जो ‘वस्तुनिष्ठ योगायोगा’चा विचार त्यांनी तरुणपणी मांडला होता, त्याचीच ही नदीकाठची आवृत्ती म्हणता येईल. या पद्धतीला कड्याची, नदीची आणि पायांची गरज आहे. ती कुठल्याही गावात बसून करता येणार नाही, आणि आपल्या मित्राच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे.

तिथून काही किलोमीटरवर, काब्रेरे गावाजवळ, पेश मेर्लची गुहा आहे. १९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांना ती सापडली. ठिपक्यांचे घोडे आणि त्यांच्याभोवती उमटवलेले हातांचे ठसे यांसाठी ती प्रसिद्ध आहे, आणि त्या घोड्यांचे वय सुमारे २९,००० वर्षे मानले जाते. १९५२ च्या उन्हाळ्यात ब्रतों ही गुहा पाहायला गेले असता एका मॅमथच्या चित्राच्या खरेपणाविषयी त्यांना शंका आली आणि त्यांनी रेषेवरून सरळ बोट फिरवले. गुहा दाखवणाऱ्याने त्यांच्या हातावर फटका मारला, बाचाबाची झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि ब्रतोंना दंड झाला. तर्काला न जुमानणारा हा माणूस पुराव्यासाठी रंग खरवडून पाहतो, हा प्रसंग मला त्यांच्या कित्येक कवितांपेक्षा बोलका वाटतो. तुम्हाला चित्रमालिकाच करायची असेल तर स्पर्श हा विषय घ्यावा, असे सुचवीन.

ब्रतोंचे घर २०१६ मध्ये गावाच्या नगरपालिकेने विकत घेतले. तेव्हा हा भूतकाळ पाटीपुरता उरला आहे, असे म्हणणे मला थोडे घाईचे वाटते.

मुक्कामपोस्ट :

पाटीपेन्सिल यांचा मुद्दा मान्य आहे. माझा आक्षेप पद्धतीला नव्हे, सजावटीला होता. मात्र दगड वेचणे हेही आता त्या गावात ब्रतोंच्या नावावर जमा झाले आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

चितारआळी :

दोघांचेही मनापासून आभार. टोपणनावाचा अंदाज बरोबर आहे. माझे आजोळ सावंतवाडीच्या चितार आळीला लागून आहे. सुट्टीत कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावताना उष्णतेने रंग कसा पसरतो, हे मी लहानपणी तासन्‌तास पाहिले आहे, आणि तरीही आजवर माझ्या कामात ते एकदाही आले नाही. पिंपाच्या तोट्यांबद्दल वाचून मी काल रात्री खर्ड्याची पहिली दोन पाने काढून टाकली. आता जुन्या कातकामातले आकार आणि दाउरांच्या गटाची वर्तुळे व चौकोन, या दोहोंतून सुरुवात करावी असे वाटते आहे. तरंगत्या वस्तू गेल्या. पहाटेची स्वप्ने मात्र मी वहीत लिहीनच, ती समितीला दाखवणार नाही.

एक व्यावहारिक शंका उरते. तिथे पोहोचायचे कसे, आणि व्हिसाचे काय?

तिसरीघंटा :

व्यवहाराचे मी सांगते. तीन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका फ्रेंच रेसिडेन्सीसाठी हे सगळे केले आहे. मुक्काम ९० दिवसांपर्यंतचा असेल तर शेंगेन अल्पकालीन व्हिसा चालतो, आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो. त्याहून एक दिवसही जास्त असेल तर फ्रान्सचा दीर्घकालीन व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याची कागदपत्रे वेगळी असतात. प्रवास-विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे हवे. निमंत्रणपत्रात राहण्याची जागा, तारखा आणि मानधन कोण देणार, हे तिन्ही स्पष्ट लिहून मागवावे. माझ्या पत्रात मानधनाचा उल्लेख राहिला होता, आणि नवे पत्र येईपर्यंत पंधरा दिवस गेले.

पॅरिसहून किंवा तुलूझहून रेल्वेने काऑरला जावे. तुलूझहून अंतर बरेच कमी आहे. काऑरहून फिजाककडे जाणारी बस नदीच्या खोऱ्यातून जाते, ती तूर-द-फोरच्या थांब्यावर सोडते, आणि तिथून पूल ओलांडून गाव चढत गाठावे लागते. आपण सोबत लाकूड किंवा अवजारे नेणार असाल तर चढणीचा विचार आधी करावा आणि आयोजकांना गाडीविषयी पत्रातच विचारून ठेवावे.