जीन टेस्ट करून आमवात कळतो म्हणे!

खडूसआत्या: काल इथे एकीने लिहिलं की व्हिटॅमिन डी रिसेप्टरच्या (म्हणजे पेशीत ते व्हिटॅमिन पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जीनमध्ये फरक असला की आमवात ठरलेला, मुलींची टेस्ट करून घ्या. डोकंच फिरलं. अहो त्या जीनवर इतके अभ्यास झालेत, एका ठिकाणी संबंध निघतो, दुसरीकडे निघत नाही, इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनच्या रिसेप्टरचंही तेच रडगाणं. त्यातल्या त्यात पक्का तो एचएलए-डीआरबी१ नावाचा जीन, आणि तो असूनही बहुतेकांना काही होत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकीला आमवात असला तरी दुसरीला होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास. आणि टेस्ट मुलींचीच का हो?

लिंबूटिंबू: मीच ती. "ठरलेला" नाही, "शक्यता वाढते" लिहिलं होतं, नीट वाचत जा. बायकांत दोन-तीन पट जास्त, गरोदरपणात सांधे शांत, बाळंतपणानंतर भडका, हे हॉर्मोनशिवाय कशाने? मी सातव्या महिन्यात वीस पोळ्या लाटत होते, बाळ दीड महिन्याचं झालं तर लंगोटाची गाठ सुटेना.

खडूसआत्या: हॉर्मोनला कोण नाही म्हणतंय? त्यावरून जीनमधलं एक अक्षर बघून भविष्य सांगू नका एवढंच.

नानाची_टांग: ते राहू द्या, आंबट बंद केलं का? आमच्या आईने चिंच, दही सोडलं, ठणठणीत.

रात्रपाळी: आला आंबटवाला! सासूबाईंनी आमटीत कोकमसुद्धा घातलं नाही दोन वर्षं, बोटं वाकडी व्हायची ती झालीच. वर कुणा वैद्याची पांढरी पुडी, आठवड्यात पळायला लागल्या, मग चेहरा गोल, साखर वाढली. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, स्टेरॉईड.

नानाची_टांग: सगळे वैद्य चोर? तुमचं ते आमवाताचं औषध, मेथोट्रेक्सेट, काय प्रसाद आहे?

रात्रपाळी: नाहीच, म्हणून आठवड्यातून एकदा घेतात. रोज घेतलं तर जिवावर बेतेल.

लिंबूटिंबू: स्टेरॉईडवरून आठवलं, गरोदरपणात आणि काविळीत सांधे सुधारतात हे बघूनच हेन्च नावाचा डॉक्टर मागे लागला, १९४८ ला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकात कॉर्टिसोन हे स्टेरॉईड टोचलं, १९५० ला नोबेल. तेव्हा माझा मुद्दा अगदीच फालतू नव्हता.

खडूसआत्या: बरं बाई, नोबेल तुलाच. पण सिगरेटने धोका वाढतो हे तुझ्या रिसेप्टरपेक्षा पक्कं आहे, त्यावर लिही की.

लिंबूटिंबू: आमच्याकडे कोणी ओढत नाही. लेकीची टेस्ट केली, रिपोर्टमध्ये "मध्यम धोका" आलाय. आता काय करू त्याचं?

खडूसआत्या: किती घेतले?

लिंबूटिंबू: नऊ हजार.

नानाची_टांग: कोकमाचं पोतं आलं असतं.